कुलूपबंद घर आणि विम्याचे तीस दिवस

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, मे संपता संपता घरं पावसाळ्याच्या तयारीला लागतात. कौलं परतली जातात, पडवीला आडोसा बांधला जातो, जळण आत येतं. पण आता प्रत्येक गावात दोन-चार दारं अशी असतात, जिथं यातलं काहीच होत नाही. मुलं पुण्याला, मुंबईला, नाहीतर घाट उतरून गोव्यात. म्हातारी माणसं एक तर त्यांच्याकडे गेलेली, नाहीतर गेलेलीच. दार उघडतं ते गणपतीला, दिवाळीला आणि गावच्या यात्रेला. बेळगाव शहरात हिंदवाडीतला बंगला असेल, शहापुरात वाटणीला आलेला सोपा असेल किंवा अनगोळात गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेला फ्लॅट असेल, कुलूप तेच.

अशा घराचा विमा काढता येतो, आणि काढावाही. मात्र राहत्या घराचा विमा आणि बंद घराचा विमा कागदावर सारखेच दिसले तरी दाव्याच्या वेळी जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. विम्याचे पैसे घटनेचे मिळतात. काय घडलं, कशामुळे घडलं आणि कधी घडलं, एवढं सांगता आलं की ती घटना. राहत्या घरात या तिन्हींचं उत्तर शेजारचं शेंबडं पोरही देईल. बंद घरात 'काय' तेवढं दिसतं. 'कशामुळे' आणि 'कधी' यांना साक्षीदार नसतो आणि पुढचं सगळं भांडण त्या दोन शब्दांवर होतं.

आधी पॉलिसी. १ एप्रिल २०२१ पासून घरांना आगीचा विमा देणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या मजकुराची पॉलिसी द्यावी लागते. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, जमीन खचणं, बाहेरची वस्तू आदळणं, दंगल, खोडसाळपणा, दहशतवाद, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, एवढ्या गोष्टी तिच्यात आहेत. मुदत १० वर्षांपर्यंत घेता येते. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांच्या आत, संरक्षण आपोआप मिळतं. परड्यातला फणस घरावर कोसळला तर जुन्या पॉलिसीत अडचण होती, कारण तिथं 'आदळणं' म्हणजे वाहन किंवा जनावर. आता पडणारं झाडही त्यात धरलंय. आणि रक्कम कमी लावली म्हणून दावा त्या प्रमाणात कापणं बंद झालं. पूर्वी २० लाखांचं घर १० लाखांना दाखवलं आणि ४ लाखांचं नुकसान झालं, तर हातात २ लाख पडत. आता ४ मिळतात, फक्त एकूण मर्यादा १० लाखांचीच राहते.

रक्कम ठरवताना जागेची किंमत धरायची नाही. तेच घर आज पुन्हा बांधायला काय लागेल तेवढंच. १,००० चौरस फुटांचं चटई क्षेत्र आणि १,८०० रुपये दर धरला तर इमारत १८ लाख आणि सामान ३ लाख ६० हजार. हिंदवाडीतल्या प्लॉटचा भाव आभाळाला भिडला असेल, त्याचा इथं संबंध नाही. उलट नंदगडकडचं जुनं घर विकायला काढलं तर फारसं काही येणार नाही, पण चिऱ्याच्या भिंती आणि सागवानी तुळया पुन्हा उभ्या करायच्या म्हटल्या तर तोंडाला फेस येईल. गावाकडच्या घरांची रक्कम बाजारभाव मनात धरून लावली जाते आणि म्हणून ती हमखास तोकडी असते. छप्पर गवताचं, बांबूचं किंवा ताडपत्रीचं असेल तर विम्याच्या भाषेत ते कच्चं बांधकाम. कौलारू घर त्यात येत नाही, पण त्याला लागून असलेला गवती छपराचा गोठा येतो. तो प्रस्तावात वेगळा लिहावा.

आता वरची यादी पुन्हा वाचली तर एक गोष्ट तिच्यात नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. पाऊस. वादळ आहे, पूर आहे, बाहेर साचलेलं पाणी आत शिरणं आहे, पण नुसता पाऊस नाही. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वाऱ्यानं कौलं उडाली आणि त्या भगदाडातून पाणी आलं, तर ते वादळ. माकडांनी एक कौल सरकवलं, जून-जुलैभर तिथून ठिबकत राहिलं, वासा कुजला, भिंतीत पाणी मुरलं आणि ऑगस्टमध्ये भिंत बसली, तर ती देखभालीतली कसूर. दोन्हीकडे छप्पर उघडं आणि भिंत आडवी. मालकाला दोन्ही सारखंच वाटतं.

सर्व्हेअरला, म्हणजे कंपनीकडून नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला, तसं वाटत नाही. तो आधी वाशाचं तुटलेलं टोक बघतो. वाऱ्यानं किंवा झाडाच्या माऱ्यानं मोडलेलं लाकूड आतून पिवळट, कोरडं, तंतू उभे राहिलेलं असतं. कुजून मोडलेलं काळपट असतं, नखानं दाबलं की भुसा निघतो, आणि मोड आडवा, गुळगुळीत. मग भिंत. महिनोन्महिने मुरलेल्या पाण्याचे पट्टे एकाखाली एक उतरलेले असतात, कडेला पांढरा क्षार फुललेला. पुराची रेघ घरभर एकाच पातळीवर आणि गाळाची. जमिनीतून चढलेल्या ओलीची रेघ मात्र वरखाली, कोपऱ्यात जास्त, खिडकीखाली कमी. उडालेली कौलं अंगणात किंवा परड्यात पडलेली सापडतात. घसरलेली कौलं जागच्या जागी रिपांवर अडकलेली किंवा खाली माळ्यावर. म्हणून नुकसान दिसल्यावर लगेच झाडलोट करू नये. आधी फोटो, मग झाडू. ताडपत्री मात्र त्याच दिवशी टाकावी, कारण नुकसान वाढू न देणं ही विमेदाराची जबाबदारी. त्या ताडपत्रीचं बिल जपून ठेवावं.

निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात आणखी एक घोळ. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरच्या घराला दरवर्षी चिरा पडतात. पॉलिसीत 'जमीन खचणं' आहे म्हणून लोक दावा टाकतात. पण इमारत नेहमीसारखी बसताना पडणाऱ्या चिरा, सदोष पाया आणि शेजारच्या खोदाईमुळे आलेले तडे जुन्या आगीच्या पॉलिसीत नावानिशी वगळलेले होते, आणि आजही असे दावे टिकत नाहीत. पुराचं तसं नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं, त्या दिवसांच्या तारखा सरकारदप्तरी आहेत, वर्तमानपत्रांत आहेत. घर बंद असलं तरी पूर कधी आला हे सिद्ध करावं लागत नाही. बंद घराच्या दाव्यांत पुराचा दावा त्यातल्या त्यात सोपा तो याचमुळे.

आता त्या तीस दिवसांकडे. आगीच्या जुन्या पॉलिसीत अट स्पष्ट होती: इमारत सलग ३० दिवसांपेक्षा जास्त काळ रिकामी राहिली आणि नुकसान होण्याआधी कंपनीची लेखी मान्यता घेतलेली नसेल, तर त्या मालमत्तेपुरता विमा थांबतो. नवीन पॉलिसीची भाषा सौम्य आहे, पण घराची काळजी घेणं आणि दिलेल्या माहितीत बदल झाला की कळवणं हे तुमच्याच गळ्यात आहे. राहतं म्हणून लिहून दिलेलं घर कुलूपबंद झालं, हा बदलच. चोरी-घरफोडीच्या पॉलिसीत आणि पॅकेज पॉलिसीतल्या त्या भागात मुदत आकड्यात लिहिलेली सापडते. तो आकडा ३० आहे, ४५ आहे की ६०, हे आपल्या कागदावर शोधावं आणि त्याखाली पेन्सिलनं रेघ मारावी.

घर बंद होतं की राहतं, हे कंपनीला कसं कळणार, असं म्हणणारे असतात. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, बिलातून कळतं. सहा महिन्यांची बिलं मागितली जातात, आणि लागोपाठ शून्य किंवा दोन-तीन युनिट दिसले की 'घरात माणूस होता' हे म्हणणं तिथंच संपतं. शेजारणीनं रोज संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावला तरी घर राहतं ठरत नाही. राहतं म्हणजे तिथं कुणी झोपतं, चूल पेटते. दिवसा येऊन जाणारा राखणदार हा चांगुलपणाचा पुरावा, वास्तव्याचा नव्हे. तरीही तो असावा, त्याचं कारण पुढे येतं.

तेव्हा कळवून टाकावं, सरळ. पत्र किंवा ईमेल, पॉलिसी ज्या शाखेची तिथं. त्यात पॉलिसी क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत घर बंद राहील, किल्ली कोणाकडे आहे, घर कोण आणि किती दिवसांनी बघणार आहे, वीज-पाणी बंद केलंय का, आणि शेवटी एक मागणी: याची नोंद करून पॉलिसीला एंडोर्समेंट, म्हणजे बदलाची लेखी पुरवणी, द्यावी. कंपनी जास्तीचा प्रीमियम मागेल, एखादी अट घालेल किंवा घरफोडीचा भाग वगळेल. काहीही करो, उत्तर लेखी हवं. एजंटाला व्हॉट्सॲपवर कळवलं आणि त्यानं 'चालतंय की, काळजी करू नका' म्हटलं, हे कळवणं नव्हे. एजंट गोड माणूस असतो, पण दावा मंजूर करणारा तो नसतो.

सात दिवसांचं कलम यापेक्षा कमी लोकांना ठाऊक आहे आणि बंद घराला जास्त झोंबतं. जुन्या आगीच्या पॉलिसीनुसार इमारत किंवा तिचा महत्त्वाचा भाग पडला, आणि पडण्याचं कारण विम्यातली घटना नसेल, तर सात दिवसांनी विमा संपतो. समजा, जुलैच्या सुरुवातीला मागची भिंत ओलीनं बसली. कुणाला पत्ता नाही. गणपतीच्या आदल्या आठवड्यात शॉर्टसर्किट होऊन माळा जळाला. आग विम्यात आहे, प्रीमियम भरलेला आहे, पण भिंत पडून सात दिवस कधीच उलटून गेलेत. आपल्या पॉलिसीत 'इमारत कोसळल्यास' अशा शीर्षकाखाली काय म्हटलंय ते वाचावं. बातमी सात दिवसांत मालकापर्यंत पोचली असती तर कंपनीला कळवून विमा पुढे चालू ठेवण्याची विनंती तरी करता आली असती.

म्हणून घराकडे आठवड्यातून एकदा कुणीतरी बघायला हवं, आणि बघितल्याची नोंद उरायला हवी. बघणाऱ्यानं प्रत्येक वेळी तेच फोटो त्याच जागेवरून काढावेत: समोरून छप्पर, मागून छप्पर, माळ्याची आतली बाजू, न्हाणी, मीटर. मोबाइल फोटोत तारीख आपोआप साठवतो. पण व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की ती बहुधा निघून जाते, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. पन्नास रुपयांची वही दाराच्या आत खिळ्याला टांगून सही-तारीख घेतली तरी बिघडत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात छप्पर शाकारलं, त्या गवंड्याचं नाव-सहीचं बिल असेल तर 'देखभाल केली नाही' या आक्षेपाला त्याच्याइतकं चोख उत्तर नाही. मंगळुरी कौलं शंभर चौरस फुटांना साधारण १४० ते १५० लागतात. त्याच साच्याची पन्नासएक कौलं परड्यात रचून ठेवावीत, नाहीतर सरकलेलं कौल 'नंतर बघू' म्हणून पावसाळाभर तसंच राहतं.

जाताना घर कसं बंद करावं हेही या विम्याचाच भाग. मेन स्विच बंद, पण मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर जिवंतच असते, तेव्हा तिच्यावर आलेली फांदी आधी छाटून घ्यावी. इन्व्हर्टरची बॅटरी सोडवून ठेवावी. शॉर्टसर्किटनं जे उपकरण जळलं त्याचे पैसे मिळत नाहीत, त्यातून लागलेल्या आगीत बाकी जे जळलं त्याचे मिळतात. वरची टाकी रिकामी करावी आणि रस्त्याकडचा व्हॉल्व्ह बंद करावा. बेळगावात ज्या गल्ल्यांत अजून रोज पाणी येत नाही तिथं ही जुनी खोड आहे: पाणी नसताना नळ उघडून बघायचा आणि तसाच ठेवून गोव्याची बस पकडायची. पाणी येतं तेव्हा घरात कुणी नसतं. टाकी, पाइप फुटणं किंवा भरून वाहणं विम्यात आहे. उघडा ठेवलेला नळ म्हटलं की निष्काळजीपणाचा वाद उभा राहतो. मार्चनंतर अंगणातलं वाळलं गवत कापून बांधापासून दूर टाकावं.

रिकाम्या घराचा मोह हा की काहीतरी ठेवता येतं. खानापूरकडे भाताची पिंजर, काजूबिया, निपाणीकडे तंबाखू. भावकीतला कुणी विचारतो, नाही म्हणवत नाही. पण राहत्या घराच्या पॉलिसीत कोठार बसत नाही. माळाभर पिंजर असलेल्या घराला आग लागली, तर ज्या जोखमीचा प्रीमियम कंपनीनं घेतला ती ही जोखीम नव्हतीच, असं तिला म्हणता येतं. पिंजरीचे आणि तंबाखूचे पैसे तर मिळत नाहीतच, घराचेही धोक्यात येतात.

चोरीबद्दल सर्वात मोठा गैरसमज हा की घराचा विमा म्हणजे चोरीचाही. भारत गृह रक्षात चोरीला जागा आहे ती एवढीच: पूर, आग अशा विम्यातल्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी. बाकी चोरीसाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. त्यातही बळानं घुसल्याची खूण लागते. सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात तेच धरलं: पॉलिसीत जशी व्याख्या आहे तशीच लागू होणार, आणि बळाचा वापर नसलेली चोरी घरफोडीच्या विम्यात बसणार नाही. कोयंडा उचकटलेला, कडी वाकलेली, कौलं काढून माळ्यावरून उतरलेला, या खुणा पंचनाम्यात शब्दांनी यायला हव्यात. भारतीय न्याय संहितेत घरातल्या चोरीला कलम ३०५ आणि घरफोडीला ३३१. नुसतं ३०३, म्हणजे साधी चोरी, लावून एफआयआर झाला तर ठाण्यातच हात जोडून दुरुस्त करून घ्यावा, नंतर तो कागद तुमच्याच विरोधात वाचला जातो. तांब्या-पितळेची भांडी, देव्हाऱ्यातली चांदी, बोअरची मोटर यांची फोटोसह यादी आधीच करून ठेवावी. खरं म्हणजे चांदी बंद घरात ठेवूच नये.

कर्नाटकात चोर न सापडल्यास पोलीस न्यायालयात 'सी रिपोर्ट' देतात. कंपनी अंतिम अहवाल मागते तो हाच. तो कन्नडमध्ये असतो, पंचनामा कन्नडमध्ये, ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तू या मालमत्ता नोंदीचा ९ आणि ११ नंबरचा नमुना कन्नडमध्ये. पॉलिसी पुण्याच्या शाखेतून घेतलेली असेल तर तिथं हे कागद कुणाला वाचता येत नाहीत आणि फाइल नुसती पडून राहते. इंग्रजी भाषांतर नोटरीच्या शिक्क्यासह सुरुवातीलाच जोडलं तर निदान हा बहाणा उरत नाही. मूळ पॉलिसी त्याच घरातल्या कपाटात ठेवणारेही कमी नाहीत.

आणि नाव. खात्यावर अजून आजोबा, घरपट्टी थोरल्या काकांच्या नावावर, पॉलिसी पुण्यातल्या पुतण्यानं काढलेली. विमा त्यालाच मिळतो ज्याचं त्या घराच्या नुकसानीनं नुकसान होतं, आणि तेवढ्याच हिश्शापुरता. वंशावळ काढून वारसा चढवणं हे कटकटीचं काम आहे, चार चुलत भावांच्या सह्या जमवताना भावकीतली जुनी भांडणंही उकरली जातात. तोवर निदान पॉलिसीत सगळ्या हिस्सेदारांची नावं घालावीत. विमेदार वारला तर चालू मुदतीपुरतं संरक्षण वारसांकडे जातं, पण नूतनीकरण मयताच्या नावानं करत राहिलं तर दाव्याच्या दिवशी तो कागद बाद.

दावा फेटाळला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, महिनाभर वाट बघायची, मग विमा लोकपाल. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथं चालतात. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. सीमाभागातल्या माणसाला इथं एक सोय आहे. तक्रार कंपनीची शाखा जिथं आहे तिथल्या किंवा तक्रारदार जिथं राहतो तिथल्या लोकपालाकडे करता येते. घर कुठल्या राज्यात आहे यावर ते ठरत नाही. घर खानापुरात आणि तुम्ही कोथरूडला राहत असाल तर बंगळूरला जायची गरज नाही, पुण्याचं कार्यालय चालतं. ग्राहक आयोगाचंही २०१९ च्या कायद्यापासून तसंच आहे, तक्रारदार राहतो तिथं तक्रार दाखल होते.